तोडलेलं पाणी

वरच्या कोंडात एकवीस घरं होती, आणि त्या घरांतली पंधरा वर्षांखालची जवळजवळ सगळी पोरं काशीच्या हातांवर जन्मली होती. मंडणगडची एस. टी. जिथं सोडते तिथून तासभर चढण चढलं की हा कोंड लागतो. अडलेल्या बाईला खाली न्यायचं तर डोलीला चार गडी हवेत, आणि गडी तर बहुतेक सगळे मुंबईत. मग हाक यायची ती काशीला. ती बाळंतपण करी, नाळ कापी, पुढं सव्वा महिना रोज सकाळी घरी जाऊन बाळाला न्हाऊ घाली. पोर मोठं झालं तरी त्याचं अंग चोळायला आणि पोट बघायला बाया तिलाच बोलावत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा मुंबईच्या गोदीत होता. काशी घरात एकटी राही, पण सकाळभर इतक्या उंबऱ्यांवर तिची वाट बघितली जाई की एकटेपण तिला कधी जाणवलंच नाही.

तिची औषधं सासूनं शिकवलेली. त्यात सगळ्यांत पक्का नियम एकच. पोर ओकायला आणि ढाळायला लागलं की त्याचं पाणी तोडायचं. आईचं अंगावरचं दूधही बंद. फुटक्या मडक्यात पाणी ओतून काय उपयोग, आधी मडकं सांधू दे, असं सासू म्हणे. काही पोरं जगत, काही जात. जगली ती औषधानं जगली आणि गेली ती नशिबानं गेली, हे काशीनं सासूकडून ऐकलं होतं आणि पुढं सगळ्या कोंडाला ऐकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं दायांचं शिक्षण काढलं तेव्हा काशीही मंडणगडला जाऊन आली होती. तिथून तिला पत्र्याची पेटी मिळाली. पेटीत ब्लेड, दोरा, साबणाची वडी. ब्लेड उकळून घ्यायचं हे तिला पटलं आणि तेव्हापासून ती ते पाळू लागली. पण ढाळणाऱ्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, असं तिथल्या बाई सांगू लागल्या तेव्हा काशीनं नुसती मान डोलावली. शहाण्या माणसानं सगळंच ऐकून घ्यावं आणि हवं तेवढंच घरी न्यावं, असा तिचा विचार.

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात कडक थंडी पडली. भात घरात आलं होतं, शेतात पावटा फुलावर होता, आणि कोंडात कुणालाच फारशी घाई नव्हती. अशा दिवसांत तुळसाचा चौदा महिन्यांचा दत्तू एका सकाळी अंगावरचं दूध प्यायला आणि सगळं ओकला. दुपारपर्यंत पाचदा ओकला. अंग कढत झालं. तिन्हीसांजेला पोट सुटलं ते असं, की फडकं गुंडाळावं तोवर भिजे. पिवळसर हिरवं नुसतं पाणी, आंबूस वासाचं.

काशी आली. तिनं पोट चाचपलं, फडकी बदलली, पोराला पुसून काढलं आणि मुरुडशेंग उगाळून जिभेवर लावली. मग तुळसाला बजावून सांगितलं, की थेंब पाणी द्यायचं नाही आणि पदराखालीही घ्यायचं नाही. तुळसानं विचारलं, की तो पाण्याच्या भांड्याकडे हात करतो त्याचं काय करू. काशीनं सांगितलं, की भांडं त्याच्या नजरेआड ठेव.

दुसऱ्या दिवशी काशी पोटावर लेप लावायला गेली तेव्हा दत्तूला तिनं कडेवर घेतलं. न्हाणीपाशी ओलं फडकं वाळत टाकलेलं होतं. पोरानं ते ओढलं आणि तोंडात घालून चोखू लागलं. काशीनं ते त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं. मूठ सोडवायला तिला जोर लावावा लागला.

तिसऱ्या दिवशी पोर रडायचं थांबलं. ओकारी थांबली, ढाळ कमी झाले. डोळे अर्धवट मिटून ते आईच्या मांडीवर पडून राहिलं. आता उतार पडलाय, गुंगी आलीय, झोपू दे, असं सांगून काशी पुढच्या घरी बाळाला न्हाऊ घालायला गेली. ती त्या घरी पाणी विसणत होती तेव्हा तुळसाचा हंबरडा ऐकू आला.

लोकांनी पोर पुरलं. कुणी दृष्ट म्हटलं, कुणी देवाचं काही राहिलं असेल म्हटलं. तुळसाचा नवरा मुंबईत. त्याला तार गेली, पण तो येईपर्यंत काहीच उरणार नव्हतं. काशीनं तुळसाला धीर दिला. दोघींच्या मनात काशीबद्दल काही आलं नाही. का यावं? सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.

पण चार दिवसांत आणखी चार घरांत पोरं आजारी पडली. एका घरात आई-बापही ओकून ओकून हैराण झाले. सगळ्यांत लहान होती हौसाची वनी, नऊ महिन्यांची. हौसाचा नवरा भागोजी मुंबईला. घरात ती आणि तिचा सासरा महिपत. महिपत कोंडाचा गावकर, त्याच्या शब्दाबाहेर कुणी नसे. काशी त्याची लांबची भावजय. तो तिला मान देई आणि पोराबाळांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानी.

मंगळवारी दुपारी नर्सबाई वर आली. कमळा मयेकर तिचं नाव. हर्णैकडची, किनाऱ्यावरची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. खालच्या गावातल्या उपकेंद्रात तिची नेमणूक होती आणि पंधरा दिवसांतून एकदा ती पिशवी घेऊन चढण चढून येई. त्या दिवशी महिपतच्या अंगणात पोचते तो तिला चार आजारी पोरं आणि एक गेलेलं अशी बातमी मिळाली. ती बसलीसुद्धा नाही. चारही घरं हिंडून आली. वनीला तिनं सर्वांत जास्त वेळ पाहिलं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, हळूहळू बसली.

मग अंगणात बाया जमल्या तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. या आजाराचं जे काही आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, त्याला गोळी नाही, सुई नाही. पाच-सहा दिवसांत ते आपलं आपण जातं. पण जाता जाता पोराच्या अंगातलं पाणी घेऊन जातं. पोर जुलाबानं मरत नाही, कोरडं पडून मरतं. म्हणून जेवढं जातंय तेवढं घालत राहायचं. तिनं पुड्या काढल्या. महिपतच्या घरातला एक तांब्या मागून घेतला, आपल्या बाटलीनं मापून बघितला, आणि हा दोनदा भरून उकळून गार केलं की त्यात एक पुडी, असं हौसाला दाखवून दिलं. पुडी नसली तर पेजेची निवळ घ्या, त्यात मीठ घाला, पण चवीला आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. आणि अंगावरचं दूध तर मुळीच थांबवू नका.

काशी खांबाला टेकून ऐकत होती. तिला राग आला नव्हता, हसूच येत होतं. औषध नाही असं सांगायला ही बाई तासभर डोंगर चढून आली.

मग कमळानं विचारलं, की पहिलं पोर कुठल्या घरात आजारी पडलं, नंतर कुठल्या. बायांनी सांगितलं. तुळसाचं घर, मग पाण्याच्या वाटेवरचं, मग रावजीचं, मग त्याच्या पलीकडचं, मग महिपतचं. कमळा वहीत लिहीत गेली आणि मध्येच थांबली. या सगळ्या घरांत रोज कोण जातं, असं तिनं विचारलं. सगळ्यांच्या माना काशीकडे वळल्या.

"मावशी," कमळा हळू आवाजात म्हणाली, "पोराला पुसून काढल्यावर तुम्ही हात कशानं धुता?"

"पाण्यानं धुते. कशानं धुवायचे?"

"नुसत्या पाण्यानं हे जात नाही. हातावरून एकाचं दुसऱ्याला लागतं. तुमच्याच हातावरून असं नाही, माझ्याही लागेल. पण थोडे दिवस तुम्ही पोरांना हात लावू नका."

काशीच्या अंगातून सणक गेली. अख्ख्या कोंडाच्या बायांसमोर, ज्यांच्या बाळंतपणात तिनं रात्री काढल्या त्या बायांसमोर, ही कालची पोर तिच्या हातांना नावं ठेवत होती. काशी फार बोलली नाही. तिनं एवढंच म्हटलं, की जिनं स्वतः पोर जन्माला घातलं नाही तिनं ते कसं जगवावं हे सांगू नये. ज्याला आपलं पोर बुडवायचं असेल त्यानं पाजावं पाणी. ती पदर खोचून उभी राहिली आणि महिपतकडे बघू लागली.

महिपतनं एकदा नातीकडे, एकदा काशीकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, की काशीवैनीनं सांगितलं तसंच होईल. हौसा खाली मान घालून पोरीला थोपटत राहिली.

कमळानं वाद घातला नाही. पुड्या तिनं हौसाच्या हातात दिल्या. खालच्या गावातही तीन पोरं लागली होती. तिथं बघून ती मंडणगडला जाणार होती, उद्या डॉक्टरांना घेऊन येणार होती. जाताना पायरीवर वळून ती हौसाला म्हणाली, की उद्या संध्याकाळपर्यंत ही पोरगी थांबणार नाही. ती दिसेनाशी झाल्यावर महिपतनं पुड्या हौसाकडून घेतल्या आणि वर माळ्याच्या तुळईवर ठेवून दिल्या.

काशी घरी आली. जेवावंसं वाटेना. रागानं पोटात कालवतंय असं तिला वाटलं. दिवस कलताना ती परसात गेली आणि तिथंच ओकली. मग पुन्हा. अंधार पडेपर्यंत पोटही सुटलं.

तिला भीती वाटली नाही. आपल्याला काय करायचं ते ठाऊक होतं. पाण्याची कळशी चुलीपलीकडे होती, ती तिनं तशीच राहू दिली. सांधू दे मडकं. गोधडीवर पडून ती वाट बघत राहिली. रात्रभर ती उठत, भिंत धरून परसात जात आणि परत येऊन पडत राहिली.

उजाडलं तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. सोडवायला गेली तर चामड्याचा तुकडा सुटावा तशी सुटली. ओठ फाटले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते, आणि उठून बसलं की घर तिच्याभोवती फिरे. पण हे सगळं तिला सोसलं असतं. न सोसणारी होती ती तहान. काशीनं आयुष्यात उपास केले होते, उन्हातान्हात लावणी केली होती, बाळंतपणात दोन दोन दिवस पाण्याविना काढले होते. ही तहान तशी नव्हती. ती घशात नव्हतीच, सगळ्या अंगात होती. तिला कळशीखेरीज दुसरं काही दिसेना. डोळे मिटले तरी कळशीच्या पोटावरचा ओलावा दिसे.

चार तास मनाशी झगडून ती तिथंच पडून राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण पदराचं टोक तोंडात घेऊन चोखतोय. कधी घेतलं ते कळलंच नव्हतं.

तिनं पदर तोंडातून काढला आणि त्याकडे बघत राहिली. न्हाणीपाशी दत्तूच्या मुठीतून फडकं काढून घेताना किती जोर लावावा लागला होता, ते तिच्या बोटांना आठवलं. चौदा महिन्यांच्या पोराला एवढी ताकद कशी, असं तिला त्या वेळी वाटून गेलं होतं. ती ताकद कसली होती ते आता कळलं. आपण मोठं माणूस, आपल्याला निदान 'नको' म्हणता येत होतं. त्या पोराला 'दे' म्हणता येत नव्हतं.

काशी गुडघ्यांवर सरपटत चुलीपाशी गेली. कळशीत फुलपात्र बुडवून घटाघटा प्यायली आणि सगळं तिथंच ओकली. एक क्षण वाटलं, सासू खरंच बोलत होती. पण तहान ऐकेना. तिनं या वेळी एक घोट घेतला आणि थांबली. राहिला. थोड्या वेळानं दुसरा घेतला. तोही राहिला. चुलीवर काल सकाळची पेज झाकलेली होती, ती तिनं शेणी पेटवून उकळवली, वरची निवळ काढून घेतली, मिठाचे खडे टाकले आणि घोट घोट करत पीत बसली. ढाळ थांबले नव्हते. पण तासाभरात घर फिरायचं थांबलं, हातापायांत धग आली आणि कितीतरी वेळानं लघवी झाली. फुटकं मडकं फुटकंच होतं आणि तरी तिच्या अंगात जीव येत होता.

मग तिला वनी आठवली. बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं.

महिपतचं घर तिच्या घरापासून वीस पावलांवर. काठी टेकत जायला तिला इतका वेळ लागला की वाटेत दोनदा बसावं लागलं. ती पडवीशी पोचली तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. काल पोरगी चिरक्या आवाजात रडत होती. काशीला आवाज नसण्याचीच भीती वाटली.

महिपत पडवीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आत हौसाच्या मांडीवर वनी होती आणि शेजारी तुळसा बसली होती. स्वतःचं पोर जाऊन आठ दिवस झाले नव्हते, तरी ती सकाळपासून हौसापाशी येऊन बसली होती. काशीनं उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं. वनीचे डोळे खोल गेले होते आणि पुरते मिटत नव्हते. टाळू खळगा पडावा तशी बसली होती. रडण्यासाठी तोंड उघडे, पण आवाज येत नव्हता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पाणी दे तिला," काशी म्हणाली. "आत्ता दे. अंगावर घे."

महिपतनं मान वर केली. त्याला वाटलं, तापात बरळतेय. तो म्हणाला, "काल तू काय बोललीस वैनी? पाणी दिला तर पोर बुडल."

"काल बोलली ता चुकीचा बोलली."

"मग आज खरा कशावरनं?" महिपतचा आवाज चढला नाही, पण तो उठून दारात आडवा उभा राहिला. त्यानं विचारलं, की काल अख्ख्या कोंडासमोर त्या नर्सबाईला हाकलली ती तुझ्या शब्दावर. आज तू उलटं बोलतेस. उद्या पोरीचं काही झालं तर माझ्या भागोजीला मी काय सांगू?

काशीला कळलं, की याला पटेल असं उत्तर आपल्याकडे एकच आहे, आणि ते तुळसाच्या समोर द्यावं लागणार. तिनं एकदा तुळसाकडे पाहिलं. तुळसा तिच्याकडेच बघत होती. अजूनही मागे फिरता आलं असतं. अंगात ताप आहे म्हणून घरी जाऊन पडता आलं असतं, आणि कुणी कधी काही म्हटलं नसतं.

"मला कालपासून तेच लागलाय," काशी म्हणाली. "मी पाणी तोडला माझा. सकाळी मराय टेकली. मग प्याली, तशी तुझ्या दारापर्यंत चालत आली. महिपत, तुळसाचा दत्तू दुखण्यानं गेला नाय. तहानेनं गेला. मी त्याला तहानेनं मारला."

काशीनं काठी घट्ट धरली. तुळसानं उठून आपल्या तोंडात मारावं असं तिला वाटत होतं. तेवढं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

तुळसा उठली. पण ती काशीकडे आली नाही. तिनं शिडी ओढली, माळ्यावर हात घातला, तुळईवरून पुड्या काढल्या आणि हौसाला म्हणाली, "तांब्या कंचा गो?"

महिपत दारातून बाजूला झाला.

काशी आत गेली नाही. तिनं हात पुढं करून पाहिले आणि मागे घेतले. अंगणात तुळशीपलीकडे ती जमिनीवर बसली आणि तिथून सांगू लागली. आधी दोघींनी राख आणि साबण लावून हात धुवा. पाणी कढवून गार करायला वेळ नाही म्हणू नका, परातीत तांब्या ठेवा, लवकर निवेल. चमचा लहान घ्या. ओतू नका, नुसते ओठ ओले करा. गिळली का? घसा हलला का?

पहिले तीन चमचे वनीच्या ओठांच्या कडेनं ओघळून गेले. चौथा गिळला. सातव्याला ती ओकली, आणि एवढंसं पाणी तिच्या गळ्यावरून खाली गेलं. महिपतनं काशीकडे पाहिलं. हौसानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, की माझ्यानं होत नाही.

"थांबा," काशी म्हणाली. "मीपण पहिल्यांदा सगळा ओकली. दहा मिनटं थांबा आणि परत द्या. एकच चमचा."

दहा मिनिटं म्हणजे किती हे त्या घरात घड्याळ नसल्यानं कुणालाच ठाऊक नव्हतं. काशीनं भिंतीच्या सावलीकडे बघितलं आणि ती पायरीपर्यंत येऊ दिली. मग तिनं मान हलवली. या वेळी चमचा तुळसानं उचलला. पोरगी हौसाच्या मांडीवर, आणि तुळसा समोर गुडघे मोडून बसलेली. तिनं ओठ ओले केले, थांबली, पुन्हा केले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काशीला अंगणातून दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त हात. तांब्याकडे जाणारा आणि परत येणारा, न हिंदकळता.

ऊन कललं. एक ढाळ झाला, पाण्यासारखा. महिपत उठून येरझारा घालू लागला. आत घातलेलं सगळं खालून चाललंय, असं तो म्हणाला. काशी म्हणाली, की जाऊ दे, जाईल तेवढं घाला. आणखी एक ढाळ झाला. चमचा थांबला नाही. मध्ये एकदा वनी इतकी निपचित पडली की हौसानं तिच्या नाकापुढं बोट धरलं. काशीनं डोळे मिटून घेतले. मग हौसा म्हणाली, हाय, श्वास हाय, आणि तुळसाचा हात पुन्हा हलला.

सूर्य डोंगराआड जायला आला तेव्हा वनीनं चमचा तोंडात धरून ठेवला. तुळसा काढायला गेली तर ती सोडेना. हिरड्यांनी धरून ओढू लागली. तांब्यातलं पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं. काशीनं हौसाला सांगितलं, की आता पदराखाली घे. पोरगी आधी नुसती लागून राहिली, मग चोखू लागली. थोड्या वेळानं हौसानं खाली हात लावला आणि फडकं बाहेर काढलं. ते भिजलं होतं, पण त्याला आंबूस वास नव्हता.

"मुतली," हौसा म्हणाली, आणि इतक्या वेळानं रडायला लागली.

काशी काठी टेकून उठली. आणखी तीन घरं होती. त्या घरांतली पोरं वनीएवढी खालावली नव्हती, पण त्यांचंही पाणी कालपासून तिच्याच शब्दावर तुटलेलं होतं. प्रत्येक अंगणात ती बाहेरच उभी राहिली आणि तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. तिसऱ्या घरी, रावजीच्या अंगणात, तिला उभं राहवेना, म्हणून पायरीवर बसून सांगितलं. रावजीची बायको आत गेली आणि भांड्याचा आवाज आला.

दिवेलागणीला कमळा डॉक्टरांना घेऊन वर आली. जीप खाली ठेवून दोघं चढून आले होते. डॉक्टरांनी वनीला तपासलं आणि हिला खाली नेण्याची गरज नाही म्हणाले. दुपारी आलो असतो तर नेली असती, पण वाटेत जगली असती का ते सांगता येत नाही. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. हौसानं तुळसाकडे बोट दाखवलं. तुळसानं कुणाकडेच दाखवलं नाही. ती परातीतली भांडी घासायला घेऊन बाहेर गेली.

कमळा काशीच्या घरी आली तेव्हा काशी गोधडीवर पडून निवळ पीत होती. कमळानं तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली. काशीनं तिला विचारलं ते एकच. माझ्या हातांवरून गेलं का? दत्तूचं दुसऱ्यांना?

कमळानं तिचा हात खाली ठेवला. मग म्हणाली, "गेलं असेल मावशी. मला खात्रीनं सांगता येणार नाही. सांगता आलं असतं तरी मी खोटं सांगितलं नसतं." आणि पिशवीतून साबणाची वडी काढून तिनं कळशीशेजारी ठेवली.

चारही पोरं जगली. वनी आठव्या दिवशी रांगू लागली. काशी महिनाभर कुणाच्या घरी गेली नाही. त्यानंतर बोलावणं येईल की नाही याची तिला खात्री नव्हती, पण शिमग्याच्या आधी रावजीची सून अडली आणि माणूस काशीकडेच धावत आला. ती गेली. दारातच तिनं साबण आणि गरम पाणी मागितलं.

तुळसा मात्र वर्षभर तिच्याशी बोलली नाही. वाटेत भेटली तर बाजूला होई. पुढच्या खेपेला तिला दिवस गेले तेव्हा ती पाचव्या महिन्यातच माहेरी, सावर्ड्याकडे गेली आणि बाळंत होऊन, मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर परतली. हे तिनं बरंच केलं, असं काशीनं हौसाला सांगितलं.

पुढच्या पौषात खालच्या गावात पुन्हा तेच दुखणं आलं. कमळानं निरोप धाडला, की मावशींना पाठवा, माझं इथं कुणी ऐकत नाही. काशी उतरून गेली. एका घरी एक म्हातारी पाण्याचं भांडं कवटाळून बसली होती आणि सुनेला हात लावू देत नव्हती. काशी तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि सांगू लागली, की आमच्या कोंडात तुळसाचा दत्तू म्हणून एक पोर होतं, त्याचं पाणी मी तोडलं. म्हातारी आधी ऐकेना. काशी उठली नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.